नवजात बाळाची आतली शेगडी : तपकिरी चरबी कशी घडते, कशी पेटते आणि बाळाला उबदार ठेवताना नेमके काय करावे

बाळंतिणीच्या खोलीत बाळाचे तळपाय गार लागले की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे "लहान बाळांचे पाय गारच असायचे", आणि दुसरे, "आणा ती शेगडी". पहिल्या मतात थोडे तथ्य आहे आणि दुसऱ्यात पुष्कळ माया आहे. पण त्याच क्षणी बाळाच्या पाठीत, दोन फऱ्यांच्या (खांद्याच्या पात्यांच्या) मधोमध, जे काम जोरात सुरू झालेले असते त्याची दखल दोन्ही मते घेत नाहीत. तिथे तपकिरी चरबी नावाची एक ऊती असते आणि शरीर तापवणे हेच तिचे मुख्य काम असते. ती काम करते म्हणून नवजात बाळ थंडीत न कुडकुडताही स्वतःला काही काळ गरम ठेवू शकते. मात्र त्यासाठी प्राणवायू आणि इंधन लागते, आणि ही दोन्ही बाळापाशी मोजकीच असतात. बाळाची ही भट्टी विनाकारण पेटू नये आणि पेटलीच तर तिला इंधन कमी पडू नये, हे दोन हेतू डोळ्यांसमोर ठेवले की पुढील प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते.

ही चरबी घडते कशी

आपल्या पोटावर किंवा मांडीवर साठते ती पांढरी चरबी. तिच्या पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि बाकी सारे एका कडेला ढकललेले असते. तपकिरी चरबीच्या पेशीत मात्र तेलाचे अनेक बारीक थेंब असतात आणि त्यांच्या मधली सारी जागा तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकाँड्रियांनी, खचाखच भरलेली असते. या तंतुकणिकांतील लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि भोवतीच्या दाट केशवाहिन्यांमुळे तिला तपकिरी रंग येतो. स्वित्झर्लंडमधील निसर्गअभ्यासक कोनराड गेस्नर यांनी १५५१ साली शीतनिद्रा घेणाऱ्या मार्मॉट या प्राण्याच्या पाठीतील या ऊतीचे वर्णन केले होते, आणि ती धड चरबीही नाही व धड मांसही नाही, असे त्यांना वाटले होते.

गेस्नर यांचा हा संभ्रम रास्तच होता, असे आज म्हणावे लागते. उंदरांवरील संशोधनातून असे दिसले आहे की पाठीतील तपकिरी चरबीच्या पेशी आणि स्नायूंच्या पेशी एकाच घराण्यातल्या पूर्वज पेशींपासून निघतात. पूर्वज पेशीने कोणती वाट धरावी हे ठरवणाऱ्या प्रथिनांपैकी पीआरडीएम-१६ हे एक महत्त्वाचे प्रथिन होय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तपकिरी चरबीच्या पूर्वपेशींतील हे प्रथिन कमी केले, तेव्हा त्या पेशी स्नायूंच्या पेशींसारख्या होऊ लागल्या; उलट स्नायूंच्या पूर्वपेशींत ते घातले तेव्हा त्यांतून तपकिरी चरबी तयार झाली. वाट ठरली की पीपीएआर-गॅमा हे प्रथिन चरबीच्या पेशीची जडणघडण करते, तर पीजीसी-१-अल्फा हे प्रथिन तंतुकणिकांची संख्या वाढवते. शेवटी यूसीपी-१ या प्रथिनाचे उत्पादन सुरू होते आणि मगच ती पेशी कामाला तयार झाली असे म्हणता येते.

मानवी गर्भात ही ऊती साधारणतः सहाव्या-सातव्या महिन्यापासून ठळक दिसू लागते आणि शेवटच्या महिन्यांत झपाट्याने वाढते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती वजनाच्या सुमारे २ ते ६ टक्के भरते. मानेच्या मागे, फऱ्यांच्या मध्ये, काखेत, गळपट्टीच्या हाडांजवळ, मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास ती असते, म्हणजे तापलेले रक्त थेट हृदयाकडे आणि मेंदूकडे जाईल अशा जागी असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची अडचण इथेच सुरू होते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाकडे ही भट्टी अर्धवट बांधलेली असते, इंधनाचा साठा तोकडा असतो आणि पातळ त्वचेतून उष्णता व पाणी दोन्ही लवकर निसटतात.

उष्णता कशी निघते

तंतुकणिकेचे काम धरणासारखे समजून घेता येते. अन्नातून निघालेली ऊर्जा वापरून प्रोटॉन नावाचे कण एका पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात आणि तिथे त्यांचा फुगवटा तयार होतो. एरवी हे प्रोटॉन एका जनित्रातून परत येतात आणि येता येता एटीपी हे पेशीचे चलन तयार करतात. यूसीपी-१ हा या धरणाचा सांडवा आहे. तो उघडला की प्रोटॉन जनित्राला वळसा घालून थेट परततात, एटीपी बनत नाही आणि साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. पाणी वाहून गेले की वरून अधिक पाणी सोडावे लागते, त्याप्रमाणे पेशी मग अधिक वेगाने इंधन जाळू लागते.

हा सांडवा एरवी बंद असतो. पेशीतील एटीपीसारखे रेणूच त्याला कुलूप घालून बसलेले असतात. किल्ली मज्जातंतूंकडून येते. त्वचेला गारवा लागला की मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्राकडून निरोप निघतो, तपकिरी चरबीत पसरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन स्रवते, त्यामुळे पेशीतील तेलाचे थेंब फुटून मेदाम्ले मोकळी होतात, आणि ही मेदाम्ले दुहेरी काम करतात : तीच कुलूप उघडतात आणि तीच जळतात. थायरॉइडचे संप्रेरक या साऱ्या यंत्रणेला धार लावते, आणि ज्या बाळाची थायरॉइड ग्रंथी मंद असते त्याचे अंग गार पडण्याचे एक कारण हेही असते.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डुकरांच्या पूर्वजांत यूसीपी-१चे जनुक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले. त्यामुळे डुकराची पिले जन्मल्यापासून कुडकुडतात आणि रानडुकरीण विण्याआधी गवत-पाल्याचे घरटे करते. मानवी बाळाकडे सांडवा आहे, पण कुडकुडण्याची ताकद जवळजवळ नाही, म्हणून बाळ थरथरत नाही याचा अर्थ त्याला थंडी वाजत नाही असा कधीही घेऊ नये.

जन्माच्या वेळी कळ कशी दाबली जाते

गर्भाशयात बाळ आईपेक्षा सुमारे अर्धा अंश अधिक उबदार असते आणि त्याला स्वतः उष्णता निर्माण करण्याची गरज नसते. मेंढीच्या गर्भांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की वारेकडून येणारे काही घटक या भट्टीला दाबून ठेवतात. नाळ बंद झाली, फुप्फुसांत प्राणवायू आला आणि त्वचा गार झाली, असे तिन्ही जुळून आले की ती जोराने पेटते. यातला प्राणवायूचा भाग विसरू नये. जन्मतः गुदमरलेल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो, त्याची भट्टी पेटत नाही, आणि म्हणून अशा बाळाचे तापमान इतरांपेक्षा लवकर घसरते.

पहिली पायरी : खोली आधी तापवा

बाळ येण्यापूर्वी खोलीचे तापमान निदान २५ अंश सेल्सिअस असावे, शक्य तर २६ ते २८, आणि वारा कुठूनही येऊ नये. पंखा बंद, खिडकी लोटलेली आणि एसी बंद. मोठ्या माणसाला ही खोली उकडते, उकडू द्यावे. टॉवेल, टोपी आणि कपडे आधीच ऊब लागेल अशा ठिकाणी ठेवावेत.

माझ्या भाचीच्या प्रसूतीच्या वेळी एका रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाचा एसी शल्यविशारदांच्या सोयीने लावलेला होता आणि बाळाला उघड्या अंगाने वजनकाट्याच्या पोलादी ताटात ठेवले गेले. मिनिटभराचीच गोष्ट होती. वॉर्डात आल्यावर काखेतले तापमान ३५.८ निघाले. कुणी वाईट हेतूने काही केले नव्हते. त्या ताटावर एक घडी घातलेले कोरडे फडके ठेवायचे राहून गेले होते, एवढेच. ज्यांच्या घरातल्या कुणाची रुग्णालयात प्रसूती व्हायची आहे त्यांनी डॉक्टरांना आणि परिचारिकेला एसीबद्दल आणि या फडक्याबद्दल आधीच विचारून ठेवावे.

दुसरी पायरी : पुसणे

सर्व पायऱ्यांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहे, म्हणून तिचा हिशेब मांडतो. एक ग्रॅम पाणी त्वचेवरून उडून जाताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. बाळाच्या अंगावर दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे, पाणी राहिले आणि ते सारे बाळाच्याच उष्णतेवर उडाले असे धरले, तर २४ किलोज्यूल गेले. तीन किलोच्या बाळाचे तापमान एका अंशाने बदलायला सुमारे साडेदहा किलोज्यूल लागतात. म्हणजे दोन चमचे पाण्यापायी दोन अंशांहून अधिक घसरण! न पुसलेल्या बाळाचे तापमान पहिल्या १० ते २० मिनिटांत २ ते ४ अंशांनी उतरू शकते, ते यामुळेच.

कोरड्या, मऊ सुती कापडाने डोके, मान, पाठ, काखा आणि जांघा पुसाव्यात. डोके आधी, कारण शरीराच्या मानाने ते मोठे असते आणि ओले केस पाणी धरून ठेवतात. पुसलेले ओले कापड लगेच बाजूला टाकावे आणि बाळ दुसऱ्या कोरड्या कापडात घ्यावे. अंगावरचा पांढरा चिकट थर खरवडून काढू नये.

तिसरी पायरी : आईच्या उघड्या छातीवर

पुसलेले बाळ टोपी घालून, उघड्या अंगाने, आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे आणि वरून दोघांना मिळून पांघरूण घालावे. निदान पहिला एक तास त्याला तिथून हलवू नये. वजन, कपडे आणि फोटो नंतर. आईची त्वचा बाळाला थेट ऊब देते, त्यामुळे बाळाच्या त्वचेकडून मेंदूकडे गारव्याचा निरोप जात नाही आणि सांडवा जेमतेम उघडतो. शस्त्रक्रियेनंतर आई लगेच घेऊ शकत नसेल तर बाबांची किंवा आजीची छातीही चालते.

कमी वजनाच्या बाळासाठी हाच उपाय कांगारू पद्धत म्हणून ओळखला जातो. कोलंबियातील बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस इनक्युबेटरांच्या तुटवड्यातून ती सुरू झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि भारताचाही समावेश असलेल्या मोठ्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर कांगारू पद्धत सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभे ठेवावे, पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत, मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर उचललेली असावी, म्हणजे श्वास अडणार नाही. अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. बांधण्यासाठी खास पट्टा नसला तरी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची दुहेरी पट्टी काखेखालून पाठीवर घेऊन गाठ मारली की काम होते. पट्टीची वरची कड बाळाच्या कानाच्या खालपर्यंत यावी, आणि आईला चालता-बोलता यावे इतकीच ती घट्ट असावी. दिवसाचे निदान आठ तास, आणि जमेल तितके अधिक, असे बाळाला ठेवावे.

चौथी पायरी : इंधन

पहिल्या तासात अंगावर पाजणे हे ऊब देण्याचेच काम आहे. बाळाने जन्मतः आणलेला साखरेचा साठा काही तासांत आटतो आणि भट्टी पेटलेली असेल तर तो आणखी लवकर आटतो. त्यामुळे गार पडलेले बाळ आणि साखर उतरलेले बाळ हे बहुतेकदा एकच बाळ असते. चीक दूध थोडेसेच येते म्हणून ते पुरणार नाही, अशी भीती बाळगू नये. मध, गुटी किंवा साखरेचे पाणी देऊ नये. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, अंगावर पाजावे. गार पडलेले बाळ सुस्तावते आणि ओढत नाही, न ओढल्याने आणखी गार पडते. हे चक्र तोडायचे तर पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने, परिचारिकेच्या सल्ल्याने द्यावे.

पाचवी पायरी : आंघोळ, मालीश आणि शेक

पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी. कमी वजनाच्या बाळाची त्याहून पुष्कळ नंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा. मालीश आणि आंघोळ बंद खोलीत, दिवसाच्या उबदार वेळी आणि थोडक्यात आटोपावी. अर्धा तास उघड्या अंगाने मालीश करून मग "बाळ किती शांत झोपले" असे आपण म्हणतो, तेव्हा ती झोप समाधानाची आहे की गारठ्याने आलेली सुस्ती आहे, हे पाय चाचपून पाहावे.

शेकशेगडी आणि धुरीबद्दल स्पष्टच लिहितो : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. धूर बाळाच्या फुप्फुसांना घातक आहेच, शिवाय कोळशाच्या विस्तवातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, म्हणजे ज्या प्राणवायूवर बाळाची आतली शेगडी चालते तोच आपण बाहेरच्या शेगडीपायी हिरावून घेतो. गरम पाण्याची पिशवी बाळाला लावू नये. नाजूक कातडी चटकन भाजते.

सहावी पायरी : कपडे

झबले, लंगोट, मोजे, टोपी आणि दुपटे. मोठ्या माणसाला जितके थर लागतात त्याहून एक थर अधिक, हे प्रमाण साधारण पुरते. कपडा स्वतः उष्णता देत नाही, निघालेली अडवतो, म्हणून आधीच गार पडलेल्या बाळाला चार दुपट्यांत गुंडाळून ठेवल्याने ते लवकर गरम होत नाही. आपली कुंची मला या बाबतीत फार हुशारीने शिवलेली वाटते : डोके झाकून ती मानेवरून पाठीपर्यंत उतरते, म्हणजे सर्वांत जास्त उष्णता निसटते ते डोके आणि सर्वांत जास्त निर्माण होते तो मानेमागचा भाग, दोन्ही एकाच कपड्यात येतात. मात्र तिचे बंद गळ्याशी सैल असावेत आणि पूर्ण वजनाचे बाळ उबदार खोलीत एकटे झोपलेले असताना ती काढून ठेवावी. तोंडावर येईल असे सैल पांघरूण तर कधीच नको.

सातवी पायरी : हाताने तपासणे

आपला हात आधी धुऊन, कोरडा करून, गालाला लावून गार नाही ना ते पाहावे. मग हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि नंतर तळपायाला लावावी. दोन्ही उबदार असतील तर सारे ठीक आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडीचा ताण आहे : नॉरअ‍ॅड्रिनलिनने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या आहेत आणि त्याच वेळी पाठीतली भट्टी पेटवली आहे. पाय गार लागणे हा एक प्रकारे त्या भट्टीचा धूर समजावा. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर भट्टी हरली आहे.

पहिल्या एक-दोन दिवसांत निरोगी बाळाचे तळवे थोडे गार आणि निळसर असू शकतात, म्हणून शंका आली की काखेत थर्मामीटर लावावा. डिजिटल थर्मामीटर घ्यावा. पाऱ्याचा साधा थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही, त्यामुळे ३३ अंशांचे बाळही त्यावर ३५चे दिसते. ३६.५ ते ३७.५ हे योग्य तापमान, ३६ ते ३६.४ म्हणजे थंडीचा ताण, ३२ ते ३५.९ म्हणजे मध्यम आणि ३२च्या खाली म्हणजे तीव्र गारठा.

आठवी पायरी : गार पडलेल्या बाळाला पुन्हा तापवणे

तीन किलोच्या बाळाने स्वतःच्या बळावर एक अंश वर यायचे म्हटले तर अर्धा लिटर प्राणवायू खर्च होतो. शांत पडलेले असे बाळ मिनिटाला सुमारे १५ ते १८ मिलिलिटर प्राणवायू वापरते, म्हणजे ही अर्ध्या तासाची शिदोरी झाली, आणि इतका वेळ उष्णता बाहेर गळतच राहते ते वेगळे. म्हणून ऊब बाहेरून द्यायची. ओले कपडे काढावेत, कोरडी टोपी घालावी, आईच्या छातीवर उघड्या अंगाने घेऊन वरून शाल पांघरावी आणि पाजावे. तासाभराने पुन्हा मोजावे. तापमान निदान अर्ध्या अंशाने वर आलेले असावे. भाचीचे बाळ असेच छातीवर दीड तासात ३६.६ला आले.

तापमान ३६च्या खाली असेल, तासाभरात सुधारणा दिसत नसेल, बाळ ओढत नसेल, मलूल असेल किंवा श्वास जोराने घेत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ किंवा १०२ला फोन करावा आणि दवाखान्याच्या वाटेवरही बाळ छातीलाच धरलेले असावे. गारठा हे कित्येकदा जंतुसंसर्गाचे पहिले लक्षण असते, त्यामुळे बाळ पुन्हा पुन्हा गार पडत असेल तरीही डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याच्या उलट घडते. तापमान ३७.५च्या वर गेले तर एखादा थर काढावा, पाजावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. तरीही उतरले नाही तर तो ताप समजून दाखवावे.

पुढचे सहा आठवडे

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या धर्तीवर आज आशाताई घरी येतात : रुग्णालयातील प्रसूती असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या तापमान घेतात आणि वजन करतात. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. पहिल्या आठवड्यात उतरलेले वजन पुढे भरून निघायला हवे. बाळ नीट पिते, शी-शू नीट करते, तरीही वजन हलत नाही, असे झाले तर डॉक्टरांना दाखवावेच, आणि शिवाय पहाटे चारला, खोली सर्वांत गार असते तेव्हा, त्याचे पाय चाचपून पाहावेत. ते रोज गार लागत असतील तर प्यायलेल्या दुधातला बराच भाग त्या भट्टीत जळून जात असण्याची शक्यता आहे, आणि त्यावर जास्तीचे दूध शोधण्याआधी रात्री बाळाला छातीवर घेऊन झोपवण्यासाठी घरातल्या जाग्या माणसांची पाळी लावावी.